पाचातला एक

परीक्षा केंद्रात गेल्यावर पहिलं काम मिळालं ते हस्ताक्षराचं. समोरच्या कागदावर इंग्रजीत एक निवेदन छापलेलं होतं. या परीक्षेतला कोणताही प्रश्न मी बाहेर कुणाला सांगणार नाही, असा त्याचा आशय. तेच निवेदन खालच्या ओळींवर स्वतःच्या हाताने, सुटी अक्षरं न काढता, जोडून लिहायचं आणि सही करायची. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मी. जोडून लिहायची इंग्रजी अक्षरं केव्हाच सुटली होती. चार ओळी लिहायला मला बराच वेळ लागला आणि हात घामेजला. ऑक्टोबर 2013. परीक्षा जीआरई. अमेरिकेत एमएस करायचं तर ती हवीच होती.

घरात कुणी अशी परीक्षा दिलेली नव्हती. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, म्हणून आधी पासपोर्ट काढला. डॉलरमधली फी अण्णांनी, माझ्या वडिलांनी भरली, तीही ऐन छाटणीत, जेव्हा द्राक्षाच्या बागेत रोज पैसा ओतावा लागतो आणि येणं काहीच नसतं. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं. कल्याणला मावशीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लोकलने मुंबईतलं केंद्र. गाडी सुटताना अण्णा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, “डोकं शांत ठेव, बाळा.”

डोकं शांत नव्हतं. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. शब्दांच्या चिठ्ठ्या करून मी वर्षभर पाठ केल्या होत्या, कॉलेज सुटलं की सार्वजनिक वाचनालयात बसून इंग्रजी मासिकं वाचली होती, आणि गणित तर माझं हक्काचं होतं. भीती होती ती न मोजल्या जाणाऱ्या भागाची.

त्या वेळची जीआरई पावणेचार तासांची होती. सुरुवातीला तासाभराचं निबंधलेखन. त्यानंतर साधारणपणे पाच भाग यायचे, प्रत्येकी वीस प्रश्नांचे. भाषेच्या भागाला तीस मिनिटं, गणिताच्या भागाला पस्तीस. गुण मात्र चारच भागांचे, दोन भाषेचे आणि दोन गणिताचे. पाचवा भाग प्रायोगिक. पुढच्या परीक्षांसाठी तयार केलेले नवे प्रश्न त्यात घालून पाहायचे, आणि तो कोणता हे परीक्षार्थीला सांगायचं नाही. दिसायला इतर भागांसारखाच, वेळही तेवढाच. भाषेचे तीन भाग आले तर त्यातला एक खोटा, गणिताचे तीन आले तर त्यातला एक. खोटा हा आमचा शब्द. कॉलेज रोडवरच्या क्लासबाहेर चहा पिताना आम्ही सगळे त्याला खोटा भागच म्हणायचो.

आणि तो ओळखायचा कसा, याच्या नाना तऱ्हा आमच्यात फिरत होत्या. पहिला कधीच खोटा नसतो. नाही, पहिलाच असतो, कारण तेव्हा मुलं ताजी असतात. जो सगळ्यात विचित्र वाटतो तोच. एका सीनियरने तर ठामपणे सांगितलं होतं की खोटा भाग ओळखून त्यात दम खायचा आणि राखलेली ताकद खऱ्या भागात लावायची, तीच खरी हुशारी. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी गणितापेक्षा या एकाच गोष्टीचा विचार जास्त केला. रात्री झोप लागेना. पावणेचार तासांत पस्तीस मिनिटं वाया जाणार आणि ती कोणती हे कळणार नाही, हे मला सहनच होत नव्हतं. तेही फी भरून.

परीक्षा सुरू झाली. निबंध झाले. मग गणित. ते इतकं छान गेलं की पाच मिनिटं उरली. मग भाषा. मग दहा मिनिटांची सुट्टी. मी पाणी प्यायले, डबा उघडलाच नाही. परत आले तर पुन्हा गणित, आणि या वेळी काहीतरी वेगळंच होतं. प्रश्नांची भाषा अनोळखी. एक आलेख असा, की तसा आलेख मी सरावाच्या एकाही पुस्तकात पाहिलेला नव्हता. सातव्या प्रश्नापर्यंत आले आणि माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. हाच तो खोटा भाग.

त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो. हरवलेली किल्ली सापडावी तसा. मग मी सीनियरचा सल्ला अमलात आणला. जे सहज सुटले ते सोडवले, बाकीच्यांना अंदाजाने खुणा केल्या. शेवटचे चार प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत, नुसते पर्याय निवडून ठेवले. आणि सहा-सात मिनिटं डोळे मिटून बसले. एसीचा आवाज येत होता. शेजारच्या मुलीच्या कीबोर्डची टकटक चालली होती. बहुधा ती निबंधावर होती.

पुढे भाषेचा भाग आला. तो झाल्यावर शेवटचा, पुन्हा गणिताचा. त्याचे पहिले तीन प्रश्न मी भराभर सोडवले, आणि चौथ्याला माझा हात माऊसवरच थांबला. हे प्रश्न सोपे होते. पहिल्या भागाइतकेच, कदाचित त्याहूनही सोपे. त्या जीआरईत मोजल्या जाणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा किती अवघड यायचा, हे पहिला कसा गेला यावर ठरत असे. पहिला चांगला सोडवणाऱ्याला दुसरा कठीण येतो. माझा पहिला उत्तम गेला होता, म्हणजे दुसरा कठीण यायला हवा होता. आणि कठीण तर तो मधला होता, ज्यात मी डोळे मिटून बसले होते.

तो खरा असेल तर? मग हा शेवटचा खोटा. की पहिलाच खोटा होता, आणि मधला आणि हा, हे दोन्ही खरे? मी मनात तिन्ही शक्यता मांडायला लागले. समोर वर्तुळातल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं होतं आणि मी आकडेमोड करत होते ती माझ्या चुकीची. घड्याळाचे आकडे उतरत होते. शेवटच्या भागातले तीन प्रश्न मला वेळेअभावी नीट बघता आले नाहीत. गणिताची परीक्षा द्यायला गेलेली मी, गणित येत असताना.

शेवटी पडद्यावर विचारलं जातं, गुण नोंदवायचे की रद्द करायचे. मी नोंदवा म्हटलं. गणित 158, भाषा 149. मोजपट्टी 130 ते 170. सरावात माझं गणित 164 च्या खाली कधी आलं नव्हतं.

संध्याकाळच्या पंचवटीने परतले. नाशिकरोडला अण्णा मोटारसायकल घेऊन उभे होते. दिंडोरीपर्यंत मी काही बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बागेत त्यांच्या मागे मागे फिरताना बरंचसं सांगून टाकलं. रडले. म्हटलं, ज्याचे गुणच देणार नाहीत ते आमच्याकडून फुकट सोडवून का घेतात? आणि घेतात तर घ्या, पण सांगून घ्या.

अण्णांनी लगेच उत्तर दिलं नाही. आमच्या दोन एकरांच्या थॉमसनच्या बागेत त्यांनी दोन वर्षांपूर्वी चार ओळी क्रिमसनच्या लावल्या होत्या. लाल द्राक्ष, आपल्याकडे रंग धरतं की नाही ते बघायला. खुंट तोच, डॉगरिजचा. पाणी तेवढंच, खतं तीच. त्या ओळी त्यांनी बांधाला न लावता बागेच्या मधोमध लावल्या होत्या, आणि ते का हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

“बांधाला लावल्या असत्या तर वारं नि रस्त्याची धूळ त्यांनीच खाल्ली असती,” अण्णा म्हणाले. “मग माल वाईट आला तर जात वाईट की जागा वाईट, कसं कळायचं?” थोडं थांबून म्हणाले, “विरळणीला पेठ-सुरगाण्याची टोळी येते ना, त्यांनाही मी सांगत नाही कोणत्या ओळी नव्या. सांगितलं तर तिथं हात भरभर चालतो. त्यांची चूक नाही. विकायचा माल नाही म्हटल्यावर माणूस तेवढं लक्ष देत नाही.”

मला राग आला. मी वेल नव्हते. मला कळत होतं, दुखत होतं, माझं वर्ष त्यात अडकलं होतं. तसं मी बोललेही. अण्णा म्हणाले, “ते खरंय,” आणि पुढच्या ओळीत गेले.

पुन्हा परीक्षा देता आली असती. पण पुन्हा तेवढी फी मागायला माझी जीभ रेटली नाही. त्या गुणांवर जिथे प्रवेश मिळाला तिथे शिष्यवृत्ती नव्हती. मी पुण्यात एमई केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि नाशिकला परत आले. आता गंगापूर रोडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते, सीईटी आणि जेईईचं. हे सगळं त्या पस्तीस मिनिटांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला पुरावाच नाही. तो भाग खरा होता की खोटा हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही ठाऊक नाही, आणि कळायचा काही मार्गही नाही.

शिकवायला लागल्यावर मात्र एक गोष्ट कळली, आणि ती स्वतःच्याच प्रश्नातून कळली. सराव परीक्षेसाठी मी संभाव्यतेचा एक प्रश्न काढला होता. पिशवीत 4 लाल आणि 6 हिरवे चेंडू आहेत, एकामागून एक दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? माझ्या मनातलं उत्तर होतं दोन पंधरांश. पर्यायांमध्ये चार पंचविसांशही होतं. पेपर तपासताना पाहिलं तर वर्गातली सगळ्यात तयार मुलं चुकली होती, आणि जी एरवी चाचपडतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर बरोबर होतं. पहिल्यांदा वाटलं, उत्तरतालिकाच चुकली. तालिका बरोबर होती. चुकले होते ते माझे शब्द. पहिला चेंडू परत पिशवीत टाकला की नाही, हे मी लिहिलंच नव्हतं. टाकला नाही तर दोन पंधरांश, टाकला तर चार पंचविसांश. विचार करणारी मुलं त्या फटीपाशी थांबली होती. न थांबणारी सरळ पुढे गेली होती.

तो प्रश्न मी लिहिताना तीनदा वाचला होता. सहकाऱ्यानेही वाचला होता. दोघांपैकी कुणालाच फट दिसली नव्हती. ती दिसली मुलांनी सोडवल्यावर, आणि तीही त्यांनी जीव लावून सोडवला म्हणून. हा प्रश्न मोजणार नाही असं मी आधी सांगितलं असतं, तर तयार मुलं तिथे थांबलीच नसती आणि माझा प्रश्न चांगला आहे अशीच माझी समजूत राहिली असती. त्या रात्री मला बागेतल्या मधल्या चार ओळी आठवल्या. प्रश्न किती अवघड आहे, आणि तो जाणणारा नि न जाणणारा यांना वेगळं करतो की नाही, हे टेबलावर बसून ठरत नाही. ते खऱ्या परीक्षेच्या ताणात बसलेल्या मुलांकडूनच कळतं. जीआरईचे गुण वेगवेगळ्या दिवशी बसलेल्यांनाही एकाच मापाने देता येतात, त्याचं एक कारण म्हणजे प्रश्नाचं वजन आधीच करून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे असा न मोजलेला भाग नाही, म्हणून माझे विद्यार्थी सुटले असं मात्र नाही. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते, अनेक दिवस, अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. मग पर्सेंटाइल काढतात. तुझ्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण किती जणांना, ते दशांशाच्या सात स्थळांपर्यंत. दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत क्लासच्या जिन्यात मला तेच वाक्य ऐकू येतं. “मॅडम, माझी शिफ्ट अवघड होती.” त्या मुलांच्या डोळ्यांत मला 2013 ची मी दिसते. अवघड सत्रात पर्सेंटाइल सांभाळून घेतो हे मी त्यांना आकडे मांडून दाखवते. पण हे गणित एका गृहीतकावर उभं आहे, की प्रत्येक सत्रातली मुलं सरासरीने सारखीच तयार असतात. तेही मी सांगते. लपवत नाही.

आणि प्रश्नच चुकलेला निघाला तर? तो आपल्याकडे कळतो परीक्षा झाल्यावर. उत्तरतालिका येते, मुलं प्रत्येक प्रश्नामागे पैसे भरून हरकत घेतात, मग कधी प्रश्न रद्द, कधी सगळ्यांना गुण. 2024 च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती, कारण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत एक होतं आणि नव्या आवृत्तीत दुसरं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञांकडून तो प्रश्न तपासायला सांगितलं, आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. चार लाखांहून अधिक मुलांचे गुण त्याने बदलले. पैकीच्या पैकी मिळवलेली 44 मुलं एका प्रश्नासाठी त्या यादीतून खाली आली. त्या दिवसांत माझ्या वर्गात नीटची मुलं नव्हती, तरी मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. मला माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की तपासून न घेतलेल्या प्रश्नाची किंमत कोण देतं. तिथे सगळा पेपरच प्रायोगिक होता, फक्त गुण मात्र मोजले गेले.

तरीही 2013 मधला माझा राग चुकीचा होता असं मला वाटत नाही. तीन तास बसल्यावरची पस्तीस मिनिटं म्हणजे काही थोडी गोष्ट नाही. थकलेल्या माणसाकडून तेवढं काम काढून घेतलं, की पुढच्या मोजल्या जाणाऱ्या भागात तो कमी पडतो, आणि त्याचा हिशेब कुठेच होत नाही. सप्टेंबर 2023 पासून जीआरई सुमारे दोन तासांची झाली आणि तो न मोजलेला भाग काढून टाकला. ही बातमी मी क्लासमध्ये दोन तासिकांच्या मधल्या वेळात मोबाइलवर वाचली. खुर्चीवर बसून राहिले. पुढच्या तासाला पाच मिनिटं उशिरा गेले.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने, माझ्या भावाच्या मुलीने, सॅट द्यायची ठरवली. देशातली काही खासगी विद्यापीठंही हल्ली ते गुण धरतात. ही परीक्षा आता लॅपटॉपवर असते, दोन तास चौदा मिनिटांची. चार भाग, 98 प्रश्न. आणि प्रत्येक भागात दोन प्रश्न न मोजले जाणारे, कोणते ते सांगत नाहीत. तिला हे कळलं त्या रात्री तिचा फोन आला.

“आत्या, आठ प्रश्न असेच जाणार?”

तिचा आवाज ऐकून माझ्या पोटात कालवलं. मी तिला आकडे सांगितले, की पस्तीस मिनिटांचा सलग भाग वेगळा आणि इतरांत मिसळलेले दोन प्रश्न वेगळे, त्यात फार तर दोन-तीन मिनिटं जातात. तिला ते पटलं नाही. मग मी तिला दिंडोरीला बोलावलं आणि माझी सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कुणालातरी पूर्ण. डोळे मिटून बसले होते तेही सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. अण्णा आता सत्तरी ओलांडलेले, ओट्यावर बसून ऐकत होते. क्रिमसनला आमच्याकडे हवा तसा रंग कधी आलाच नाही, त्या चार ओळी केव्हाच काढल्या. भाचीने त्यांना विचारलं, “मग आजोबा, त्या ओळींवरची मेहनत वाया गेली ना?”

“का बरं?” अण्णा म्हणाले. “शेजाऱ्याने दोन एकर लावायचं ठरवलं होतं. त्याला आपल्या ओळी दाखवल्या, तो थांबला.”

तिच्यासाठी मी एकच सराव घेतला. प्रत्येक सराव पेपरात दोन-चार विचित्र प्रश्न घालायचे, कोणते ते सांगायचं नाही, आणि तिने प्रत्येकाला ठरलेला वेळ द्यायचा. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं, वेळ उरला तर परत यायचं. विचित्र म्हणून सोडायचा नाही आणि विचित्र म्हणून त्याच्याशी झुंजतही बसायचं नाही. पहिल्या दोन पेपरांत ती प्रत्येक प्रश्नानंतर माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागले.

केंद्र मुंबईतलं मिळालं. भाऊ गाडी घेऊन निघाला, मीही गेले. दुपारी ती बाहेर आली ती लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. गाडीत बसल्यावर थोडा वेळ गप्प होती. शहापूर मागे पडल्यावर म्हणाली, “गणितात एक प्रश्न फारच वेगळा होता, आत्या. तो मोजणार नसतील, नाही?”

“सोडवलास?”

“परत येऊन सोडवला. बरोबर असावा.”

“कसा होता?”

तिने मान हलवली. “प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं कबूल केलंय ना.”

मी खिडकीबाहेर बघितलं. कसारा घाट चढेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो आलेख होता, मधल्या भागातला, सातव्या प्रश्नाच्या आधीचा. घामेजल्या हाताने लिहून दिल्याप्रमाणे तो मीही आजवर कुणाला सांगितलेला नाही. भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. इगतपुरीच्या पुढे आल्यावर मी पर्समधला एक कागद काढला, मनातल्या मनात त्या आलेखाचे अक्ष मांडले, आणि तेव्हा न वाचलेले शेवटचे चार प्रश्न काय असतील याचा विचार करत राहिले.